पहिला अंगठा कुणाचा

आमच्या जालना जिल्ह्यात कुणी फिरायला म्हणून येत नाही. येतात ते बियाणं न्यायला, लोखंड न्यायला, नाहीतर मुलगी बघायला. जांबच्या देवळाला तेवढे भाविक येतात, पण दर्शन झालं की तेही लगेच गाडीत बसतात. त्यामुळं मागच्या हिवाळ्यात मी माझ्याच जिल्ह्यात प्रवासाला निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठं निघाली गं?" मी म्हणाले, "वडीगोद्री, जांब, आन् मंग जालना." त्या हसल्या. "ह्याला काय प्रवास म्हणत्यात व्हय? ही तर यष्टीची पाटी झाली."

असेल पाटी. पण परत आल्यापासून तोच रस्ता मला अर्धवट झोपेत दिसतो. पांढऱ्या जाळीतलं धुकं दिसतं, अंगणभर वाळत घातलेली नावं दिसतात. म्हणून लिहिते.

सोबत आई होती. एका पिशवीत कागद, शाईचा पॅड, खळीची डबी आणि ठिबकच्या पाइपाचा हातभर तुकडा होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एम.ए., इतिहास. आता शाळेत शिकवते. हे मी न विचारता सांगते आणि सांगताना लाजत नाही, कारण ते शिक्षण आईच्या बोटांवर झालं. आई बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग करते. संध्याकाळी मिरचीची कळी चिमट्यानं उघडायची, आतला नर काढून टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळीला दुसऱ्या झाडाचा पराग बोटानं लावायचा. कळी मोडता कामा नये, चुकता कामा नये, आणि उशीर तर बिलकुल करता कामा नये. अशा बियाण्याची पाकिटं देशभर जातात. आईच्या कार्डावर मात्र 'अकुशल मजूर' लिहिलेलं आहे.

एम.ए.ला असताना मी वाचलं होतं की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूझीलंडच्या बायकांनी मताच्या हक्कासाठी त्यांच्या संसदेकडं अर्ज केला. हजारोंनी सह्या. कागदाला कागद चिकटवून त्यांनी एक लांबच लांब गुंडाळी केली, झाडूच्या दांड्यावर गुंडाळली, आणि सभागृहात एका सदस्यानं ती सोडून दिली तेव्हा ती घरंगळत पार पलीकडच्या भिंतीला जाऊन लागली म्हणतात. हे मी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "त्या देशात बी झाडू बायांच्याच हातात व्हता म्हण की."

मग थोड्या वेळानं, "त्यान्ला भेटला का हक्क?"

"भेटला."

"मंग आपुन बी करू. झाडू नको पर."

म्हणून तो पाइपाचा तुकडा. क्रॉसिंग हे कुशल काम आहे असं कायद्यात लिहा, एवढीच आमची मागणी. लोकसभेत असा अर्ज नागरिकांना करता येतो, फक्त त्यावर एका खासदाराची सही लागते. खासदारसाहेबांच्या पीएंनी फोनवर सांगितलं होतं: साहेब शनिवारी जालन्यात मस्तगडच्या ऑफिसात, दुपारी दिल्लीला निघतील, त्याआधी या. आणखी एक सांगितलं. अर्ज मांडताना सगळी नावं वाचत नाहीत. पहिल्या सहीचं नाव वाचतात आणि पुढं म्हणतात, 'व इतर'.

मी त्याच क्षणी ठरवलं. पहिला अंगठा आईचा. दिल्लीच्या त्या गोल इमारतीत, की आता ती तिकोनी झाली म्हणतात, कुणीतरी माइकवर माझ्या आईचं नाव घेणार. बाकी काही होवो न होवो.

वडीगोद्री

हायवेवरून जाणाऱ्याला वडीगोद्री म्हणजे पंक्चरची दुकानं, भज्यांची कढई आणि उभे ट्रक. पण रस्ता सोडून आत वळलं की शेडनेटचे प्लॉट सुरू होतात. पांढऱ्या जाळीची घरं, एकाला लागून एक. लांबून बघितलं तर ढग खाली उतरून बांधावर बसल्यासारखे वाटतात. आत शिरलं की उजेड सुद्धा गाळून घेतल्यासारखा मऊ असतो, आणि त्या उजेडात बाया ओळीओळीनं वाकलेल्या. कुणी जोरात बोलत नाही. बोललं तरी आवाज कुणाचा आला ते कळत नाही.

आईचा प्लॉट त्यातलाच एक. मुकादम अण्णा दारातच उभे होते. "मॅडम, अर्जात मालकाच्या विरोधात काही न्हाई ना?"

"न्हाई अण्णा. सरकारला लिहून राह्यलो, काम कुशल आहे म्हणून."

"कुशल तर आहेच," अण्णा म्हणाले. "पर हे लिवल्यावर रोज वाढवून मागत्यात ना बाया."

"ते तर मागणारच," आई म्हणाली, आणि पुढं झाली.

जेवणाच्या सुट्टीत पहिला कागद भरला. वर आईचा अंगठा, खाली तिच्या सोबतिणींचे. अर्जात पूर्ण नाव लागतं. पण आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव सरळ घेत नाही. गयाबाईला विचारलं, "मालकाचं नाव?" ती पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. मग बाकीच्यांनीच ओरडून सांगितलं आणि त्यात दोन नावं आली. "एक त्याचं हाय, एक लोक ज्या नावानं हाक मारत्यात ते," गयाबाई म्हणाली. "मला विचारशील तर दोन्ही लिव्ह. एखादं तर दिल्लीला पोचंल."

प्लॉटच्या कोपऱ्यात शेवंतामावशी दोऱ्यांचे तुकडे करत बसली होती. क्रॉसिंग झालेल्या फुलाला खूण म्हणून रंगीत दोरा बांधतात, त्याचे तुकडे. आईनं चिमटा हातात धरला तो हिच्याकडून. आता मावशीला कळी दिसत नाही. डोळे त्याच कामात गेले. मी कागद घेऊन तिच्यापुढं बसले तर तिनं हात मागं घेतला.

"मी आता कुठं क्रॉसिंग करते? माझं नाव कशाला लिव्हती. उगं खोटं व्हईल."

आईनं तिला समजावलं, मी समजावलं. नाही म्हणजे नाही. शेवटी जांबची जीप सुटेल म्हणून आम्ही निघालो.

जांब समर्थ

काळीपिवळीत माणसं इतकी की आईच्या मांडीवर एका अनोळखी बाईची पिशवी आणि माझ्या मांडीवर तिचा नातू. बाहेर तुरीला पिवळी फुलं आली होती. मध्येच मोसंबीच्या बागा, मध्येच ऊस, मध्येच नुसतं काळं रान आणि त्यात एकच बगळा. खिडकीची काच नव्हती, त्यामुळं थंड वारं सरळ डोळ्यात येत होतं. मला डुलकी लागली. डुलकीत मी पाहिलं की गुंडाळी माझ्या हातातून सुटली आहे आणि रस्त्यावरून आमच्या पुढं पुढं उलगडत चालली आहे, आणि जीप तिच्यावरून हळूच, नावं न चुरगळता चालली आहे. जाग आली तर पाइप आईच्या काखेत होता.

जांबला आम्ही कौसाबाईकडं उतरलो. ही आधी वडीगोद्रीला आईच्या शेजारच्या ओळीत होती. आता मुलानं इकडंच प्लॉट धरलाय. तिच्या अंगणातून देवळाचं शिखर दिसतं. संध्याकाळची आरती सुरू झाली की कढईतलं कालवण ढवळता ढवळता ती तिथूनच एका हातानं नमस्कार करते. आमच्या घरात बुद्धवंदना होते. आई म्हणाली, "कौसे, एका हातानं कसला नमस्कार गं?" कौसाबाई म्हणाली, "देवाला ठावं हाय, माझा एकच हात रिकामा असतो."

जेवायला येसरची आमटी, बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा. आमच्याकडं येसर जरा घट्ट करतात. तिच्याकडं पातळ, वाटी तोंडाला लावून पिण्यासारखी. मी तीनदा घेतली. जेवण झाल्यावर गल्लीतल्या क्रॉसिंगवाल्या बाया जमल्या. बल्बच्या उजेडात एकेक अंगठा पुढं येत गेला.

"दिल्लीला नाव गेलं म्हंजे आपल्याला बी बोलावत्यात का?" एकीनं विचारलं.

"बोलावलं तर कोणती साडी नेसू?"

"तुझ्याकडं दुसरी हाय का? हीच धुऊन नेसशील."

कागद भरत गेले. मी खळ लावून एकाला एक जोडत गेले. पाइपावरची गुंडाळी जाड होत चालली. पहिला कागद, आईचा, मी मुद्दाम वरच्या बाजूला ठेवला होता. येता-जाता नजर पडावी म्हणून.

तिथंच घोटाळा झाला.

सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. मी मागं तोंड धूत होते. पुढं आले तर कौसाबाईनं पाटावर गुंडाळी ठेवलेली, तिला हळद-कुंकू वाहिलेलं, आणि तिच्या हातात नारळ. मी "अहो थांबा" म्हणेपर्यंत नारळ फुटला. पाणी सरळ गुंडाळीवर. वरच्या कागदावर. कुंकू विरघळलं, शाई विरघळली, आणि आईचा अंगठा माझ्या डोळ्यांदेखत जांभळा होत होत पसरत गेला.

मी ओरडले. मोठ्या बाईवर ओरडू नये, पण ओरडले. कौसाबाईचं तोंड उतरलं.

"अगं, चांगल्या कामाला निघालाय कागद. तसाच कसा धाडायचा?"

आई म्हणाली, "कौसे, मी कुंकू लावती का? मंग माझ्या कागदाला कामून?"

"तुला न्हाई लावलं बाई. कागदाला लावलंय. कागदाला कुठं जात असती?"

यावर आई हसली. मला हसू आलं नाही. आतले कागद वाचले होते, पण ओल पोहोचली होती. मग आम्ही तिघींनी सारवलेल्या अंगणात गुंडाळी सोडली. दारापासून तुळशीपर्यंत, तुळशीला वळसा घालून गोठ्यापर्यंत. कडेला खडे ठेवले. कोवळं ऊन होतं. वारा आला की सगळा कागद एकदम श्वास घेतल्यासारखा वर यायचा आणि खाली बसायचा, आणि त्यावरचे अंगठे मधमाश्या बसल्यासारखे दिसायचे. देवळाकडं जाणारी माणसं थांबून बघत होती. एका म्हाताऱ्यानं चपला काढल्या आणि कडेकडेनं, कागदावर सावली सुद्धा पडणार नाही असा गेला. मला वाटलं, दिवसभर हे असंच बघत बसावं.

पण पहिला कागद गेला होता. मी पीएंना फोन केला. ते म्हणाले, "डागाळलेला कागद चालणार नाही, मॅडम. दुसरा करून घ्या."

"त्या बाया वडीगोद्रीला आहेत सर. उद्या तर शनिवार."

"मग त्यात काय? नावं तुमच्याकडं आहेत. अंगठेच आहेत ना? लावून टाका तुम्हीच. दहा बोटं आहेत. कोण बघतंय?"

फोन मोठ्या आवाजावर होता. आईनं ऐकलं. मी तिच्याकडं पाहिलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझी बोटं मोकळीच वाटली मला.

आई म्हणाली, "गयाच्या बोटावर चिमट्याचा घट्टा हाय. तुझ्या हाय का?"

आम्ही दुपारची गाडी धरून परत वडीगोद्रीकडं निघालो. कौसाबाईनं बरोबर धपाटे बांधून दिले. नारळाचे तुकडेही दिले, ते मी रागानं खाल्ले नाहीत. आईनं सगळे खाल्ले.

पुन्हा वडीगोद्री

अडचण अशी होती. सकाळची वेळ क्रॉसिंगची. काल नर काढलेल्या कळ्या आज सकाळीच परागानं भराव्या लागतात, नाहीतर सगळं वाया. आणि जालन्याला तर दुपारच्या आत पोहोचायचं. म्हणजे बायांनी काम थांबवलं तर प्लॉटचं नुकसान, आणि सुट्टीपर्यंत थांबलो तर खासदार गेलेले.

अण्णांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "घ्या अंगठे. पर हात थांबायला नको."

शनिवारी सकाळी इतकं धुकं होतं की जाळी कुठं संपते आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. बाया ओळीत शिरल्या की दिसेनाशा व्हायच्या. फक्त बांगड्यांचा बारीक आवाज. मी नवा कागद पुठ्ठ्यावर लावला, वर अर्जाचा मजकूर लिहून आणला होताच, आणि आईला म्हणाले, "चल आई, आधी तू. जल्दी."

आई माझ्याबरोबर आली नाही. ती कोपऱ्यात शेवंतामावशीपुढं जाऊन बसली.

"मावशे, अंगठा दे."

"सांगितलं ना तुला, मी आता करत न्हाई."

"तू करत न्हाईस, म्हणूनच दे. आमी अजून करून राह्यलो. आमचं काम कुशल हाय का न्हाई, ते आमचे डोळे जातील तवा बघतील. तुझे गेलेत."

मावशीनं हातातली कात्री खाली ठेवली. मला आईचा बेत कळला.

"आई, तिचा घेऊ. पण खाली घेऊ. पहिला तुझा. तेच नाव वाचणार आहेत दिल्लीत, तुला माहितीये."

"ठावं हाय. म्हणूनच."

"मी कशासाठी एवढं फिरले मग?"

आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "मला शिकिवलं कुणी? तू मास्तरीण हायेस. तू सांग, हजेरीत आधी कोण? मास्तर का पोरगं?"

मावशीचा अंगठा मी धरला, शाईत टेकवला, कागदाच्या अगदी वरच्या जागेवर टेकवला. तिला कागद दिसत नव्हता. तिनं विचारलं, "कुठं लावला गं?"

"सगळ्यात वर, मावशी."

"वर कशाला गं," ती म्हणाली. पण अंगठा तिनं लगेच उचलला नाही.

मग मी ओळीत शिरले. जिथं बाई दिसेल तिथं वाकायचं, पॅड पुढं करायचा, ती एका हातानं कळी धरून दुसऱ्या हाताचा अंगठा द्यायची आणि लगेच पुढच्या झाडाला. कुणी मान वर केली नाही. काही अंगठ्यांवर पराग होता, तो शाईत मिसळून तसाच कागदावर आला. गयाबाई कुजबुजली, "दोन्ही नावं लिवलीस ना?" पुढं धुकं, मागं धुकं, आणि मध्ये मी कागद घेऊन चालतेय. किती वेळ चालले सांगता येणार नाही. परत आले तेव्हा जाळीवर ऊन पडलं होतं आणि आईनं मध्येच कुठंतरी आपला अंगठा देऊन पुढची ओळ धरली होती. मी तो नंतर शोधला. गयाबाईच्या खाली होता.

अण्णांनी स्वतः मोटारसायकलवर आम्हाला स्टँडवर सोडलं. आईला म्हणाले, "तुझी राह्यलेली ओळ कोण भरंल?"

"भरली अण्णा. जाऊन बघा."

मस्तगड

जालन्याच्या जुन्या भागात मस्तगड. गल्लीत कपड्यांची दुकानं, वर माणसं राहतात, आणि रस्त्यात हातगाड्या अशा उभ्या की रिक्षावाल्यानं आम्हाला लांबच उतरवलं. आम्ही पळालो. माझी चप्पल तुटली, ती हातात घेतली. ऑफिसच्या जिन्याखाली साहेबांची गाडी चालू करून ठेवलेली होती.

वर पीए साहेबांनी माझा हातातल्या चपलेसकट अवतार पाहिला आणि खुर्ची पुढं केली. गुंडाळी पाहून ते म्हणाले, "हे असं? फाईलला लावायला सुटं करावं लागेल."

"तिथं गेल्यावर करा," मी म्हणाले. "इथून असंच जाऊ द्या."

खासदार आतून आले, जाकिटात हात घालत. उभ्या उभ्याच मजकूर वाचला. "क्रॉसिंग म्हणजे?" त्यांनी विचारलं. आईनं टेबलावरच्या फुलदाणीतलं एक फूल उचललं आणि दोन बोटांनी त्यांना दाखवलं. काय काढायचं, काय ठेवायचं, कुठं लावायचं. फुलाची एक पाकळीसुद्धा पडली नाही. ते बघत राहिले. मग पेन मागितलं आणि सही केली.

"मांडतो," ते म्हणाले. "पुढं काय होईल ते आत्ता सांगता येणार नाही."

"ते आमाला बी ठावं हाय," आई म्हणाली.

ते जिना उतरले. पीए साहेब नोंद करायला बसले. पहिल्या कागदावरचं वरचं नाव शोधत, चष्मा वर सारून, त्यांनी मोठ्यानं वाचलं, सभागृहात वाचतील तसंच, "शेवंताबाई किसन, मुक्काम वडीगोद्री... व इतर."

मी खाली बघत होते. माझ्या मनात अजूनही आईचंच नाव होतं.

त्या 'व इतर'वर माझ्या मागून आवाज आला. प्लॉटवर सकाळी मुकादम हजेरी घेतो तेव्हा बाया ओळीतून देतात तसा, खणखणीत.

"हाय!"

पीएंनी दचकून वर पाहिलं. आई हात वर करून उभी होती.